टाकांचा क्रूस

९ जानेवारी १९४४, रविवार

पुन्हा वही उघडली आहे. निवृत्त होऊन या वाडीत राहायला आले तेव्हापासून लिहिणं सोडलं होतं. इथे लिहिण्याजोगं घडतं काय? बाया भांडतात, म्हशी व्यातात, चॅपेलचं छप्पर गळतं.

गुरुवारी हंबीररावाच्या नावाने तार आली. त्या घरात इंग्रजी कुणाला येत नाही, म्हणून पोस्टमनने ती सरळ माझ्या हातात दिली. त्याचा मुलगा कृष्णात इटलीच्या लढाईत मारला गेला. गेल्या महिन्यात. पलटणीचा नंबर, शिपायाचा नंबर, सरकारला वाईट वाटतं, वगैरे.

मी तार घेऊन त्यांच्या घरी गेले. हंबीरराव वैरण कापत होता. त्याची बायको अंजना जोंधळे पाखडत होती. मी उभ्यानेच वाचून दाखवलं. अंजना म्हणाली, "बाई, परत वाचा." मी परत वाचलं. मग ती म्हणाली, "आता मराठीत सांगा की." मी दोन्ही वेळा मराठीतच सांगितलं होतं.

मी रडले नाही. रडणं आईचं काम. मी त्या पोराची मास्तरीण होते, त्यापलीकडे कोणी नाही. वाडीत आले तेव्हा तो आठ वर्षांचा होता. चॅपेलच्या ओसरीवर शिकवायला बसवला तर पाटी डोक्यावर घेऊन झोपायचा.

आज रविवारची मिस्सा झाल्यावर फादर कायतान माझ्या खोलीवर आले. गोव्याहून येऊन त्यांना वर्षच झालंय, अंगात उत्साह मावत नाही. बारा मार्चला आपल्या चॅपेलचा सण, संत ग्रेगोरीचा. पुण्याहून बिशप यायचे आहेत. तोवर पोप ग्रेगोरीचं चरित्र सोप्या मराठीत लिहून द्या, सांगलीला छापून घेऊ, म्हणाले. "टीचर, तुमच्याशिवाय हें काम कोण करणार?" कोणीच नाही, हे मलाही ठाऊक होतं. हो म्हटलं.

१३ जानेवारी

फादरांनी दिलेलं इंग्रजी पुस्तक विटेएवढं जाड आहे. लिहिणाऱ्याला वाक्य कुठे संपवावं ते कळत नाही. आमच्या कॉन्व्हेंटात असता तर सिस्टरांनी हातावर पट्टी मारली असती.

ग्रेगोरी मोठ्या घरचा. रोम शहराचा कारभारी झाला, रेशमी कपडे घालून हिंडला, मग एकदम सगळं सोडून संन्यासी झाला. बापाच्या वाड्याचा मठ केला. उपास करकरून पोट बिघडवून घेतलं, ते जन्मभर दुखत राहिलं. पुढे शहरात प्लेग आला, आधीचा पोप त्यात मेला, आणि लोकांनी याला धरून त्या जागी बसवला. हा नको नको म्हणत होता. पोप झाल्यावर स्वतःला देवाच्या दासांचा दास म्हणवून घ्यायचा. पोटदुखीची तक्रार मात्र पत्रापत्रांतून केली आहे. संतही कण्हतात हे वाचून बरं वाटलं.

पुस्तकात इटलीचा नकाशा आहे, पण सन सहाशेचा. भिंग घेऊन पाहिला. तारेत गावाचं नाव नाही, नुसतं इटली. माणूस कुठे पडला ते लिहायला सरकारला काय धाड भरली होती? एवढी शाई वाचवून कुठे ठेवणार आहेत?

२४ जानेवारी

खोली झाडताना कृष्णातचं शेवटचं पत्र हाताला लागलं. त्याची पत्रं अंजनासाठी लिहिलेली असायची, पण पत्ता माझा घालायचा, कारण वाचून मलाच दाखवावी लागायची. मी ती तांबड्या शाईने तपासून त्याला परत पाठवत असे. फौजेत गेला म्हणून शुद्धलेखन सुटत नाही. तोही पुढच्या पत्रात सुधारलेले शब्द नीट लिहायचा आणि नवे चुकवायचा.

या पत्रात आहे: "इथं लय चिखल हाय. आपल्या नदीच्या मळीसारखा. सारखं चढायचं आन् खाली नदी, परत चढायचं आन् परत नदी. रोम अजून लांब हाय. पोप दिसला तर बाईंचा नमस्कार सांगतो. त्यो वळकंल का?"

तेही तपासून ठेवलं होतं. पाठवायचं राहिलं. नऊ चुका.

दुपारनंतर ग्रेगोरीची पाच पानं उतरवली. आता वेग आला आहे. भूक लागत नाही, त्यामुळे वेळही वाचतो.

३ फेब्रुवारी

अंजना रोज दुपारी येऊन बसते. बोलत नाही. मी लिहिते, ती दाराच्या चौकटीला टेकून माझा हात चाललेला बघते. सुरुवातीला वैताग आला. आता चालतं.

आज रोमच्या दुष्काळाचं प्रकरण होतं. लोंबार्ड नावाचे लोक उत्तरेकडून चालून आलेले, शेतं ओस, शहरात निर्वासितांची गर्दी. पोप स्वतः धान्य वाटत होता, गरिबांना आपल्या पंगतीला बसवत होता. इकडे आपल्याला रेशनचा जोंधळा मिळतो त्यात अर्धे खडे. एकदा रोमच्या एका गल्लीत एक भिकारी मेलेला सापडला. भुकेने गेला असावा. पोपने तो आपणच मारला असं धरलं आणि पुढचे काही दिवस मिस्सा सांगायला तो वेदीपाशी गेलाच नाही.

हा अतिरेक आहे. तो काय घरोघर जाऊन ताटं तपासणार होता? तरी होतं तसं उतरवलं.

"काय लिवलं?" अंजनाने विचारलं. मी सांगितलं.

"ह्यो पोप म्हंजे कृष्णात हुता तिथलाच का वो?"

"तेराशे वर्षांपूर्वीचा आहे तो, अंजना."

"असंल की. पन गाव त्येच ना?"

हो म्हटलं.

१९ फेब्रुवारी

वर्तमानपत्र आलं. मॉन्ते कासिनो नावाच्या डोंगरावरचा संत बेनेडिक्टचा मठ आपल्याच बाजूच्या विमानांनी बाँब टाकून पाडला. योग असा की लिखाणात मी नेमकी तिथेच आहे. या बेनेडिक्टचं चरित्र ग्रेगोरीनेच लिहिलं. त्या डोंगरावर आधी एक मूर्ती होती आणि खेडूत तिला नैवेद्य दाखवत. बेनेडिक्टने मूर्ती फोडली, राई तोडली आणि मठ बांधला. ग्रेगोरीने ते मोठ्या कौतुकाने लिहिलं आहे.

फादरांना ते पान वाचून दाखवलं. फार खूश झाले. म्हणाले, उद्याच्या प्रवचनाला हेंच घेतों.

२० फेब्रुवारी, रविवार

प्रवचन चांगलं झालं. जरा लांबलं. फादरांनी टाकांचा विषय काढला.

टाक म्हणजे चार बोटांचा धातूचा पत्रा. घरातला माणूस गेला की सोनाराकडून त्यावर त्याचा आकार ठोकून घेतात आणि तो देव्हाऱ्यात ठेवून पुजतात. पुरुष असला तर घोड्यावर, हातात तलवार. बाई असली तर उभी. ही वाडी संवत छप्पन्नच्या, म्हणजे चव्वेचाळीस वर्षांमागच्या, दुष्काळानंतर बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झाली, तेव्हा देव्हारे गेले असं सगळ्यांनी गृहीत धरलं. गेल्या आठवड्यात फादर मनुबाईचं घर आशीर्वादायला गेले, तर येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर सरळ करताना मागून तिचा सासरा खाली पडला. घोड्यासकट.

फादरांनी ठरवलं आहे की वाडीतले सगळे टाक जमा करायचे, वितळवायचे आणि त्याच धातूचा मिरवणुकीचा क्रूस ओतून सणाला उभा करायचा. "त्या बायका तुमचें ऐकतात, टीचर. तुम्हींच जमवा." मला कल्पना पसंत पडली. मेलेल्यांसाठी प्रार्थना आहे, मिस्सा आहे. पत्र्यावरचे घोडेस्वार कशाला हवेत? त्यातल्या कितीजणांनी जन्मात घोडा पाहिला होता?

२२ फेब्रुवारी

सकाळपासून दारोदार फिरले. बरोबर पत्र्याचा डबा घेतला होता. काय काय जागा काढल्या आहेत या लोकांनी! पिठाच्या डब्यात, उशीच्या अभ्र्यात, एकीने तर छपराच्या कौलाखाली. वर मलाच विचारतात, "बाई, तुमाला कुनी सांगितलं?" सांगायचं काय? पोरं सगळी माझ्या ओसरीवर शिकलेली. खोटं बोलताना कोणाचा कान लाल होतो ते मला पाठ आहे.

हंबीररावाने आपल्या बापाचा टाक आणून डब्यात घातला. घालताना हात जोडले. मी पाहिलं नाही असं केलं.

मनुबाईने मात्र तोंड सोडलं. "घ्या, घेऊन जावा सासऱ्याला. जित्तेपनी मला घराभाईर काढत हुता, आता म्या त्याला काढला. पन बाई, येक सांगू का?"

"नको सांगूस."

"सांगतेच. तुमच्या घरात कुनाचाबी टाक न्हाई. म्हनून तुमाला ह्ये सोपं जातंय."

खरंच आहे ते. मी अठराशे सत्त्याहत्तर सालच्या दुष्काळात रस्त्यावर सापडले. सिस्टरांनी उचललं, अगाथा नाव ठेवलं. माझ्या मागे कोणाचं नावच नाही, तर टाक कुणाचा असणार? त्यात दुःख करण्यासारखं काय आहे? लोक उगाच सुस्कारे टाकतात. मी मनुबाईला म्हटलं, "सोपं जातंय म्हणूनच मला पाठवलंय," आणि पुढच्या घरी गेले.

अंजना म्हणाली, आणखी नाही आमच्याकडे. तिचा कान पाहिला. डबा उचलून घरी आले. दिवसभर चालून गुडघे भरून आले होते.

२३ फेब्रुवारी, राखेचा बुधवार

आजपासून ईस्टरपूर्वीचे उपास सुरू; कपाळाला राख लावून सगळे घरी गेले. अंजना मागे थांबली. पदराची गाठ सोडून तिने टाक माझ्यापुढे धरला.

नवा कोरा होता, चांदीचा. इतका चकचकीत की त्यात चॅपेलची खिडकी दिसत होती. तार आली त्याच महिन्यात सांगलीच्या सोनाराकडून करून आणला होता. बांगड्या मोडून.

"घोडा नगं म्हनलं मी त्याला," ती म्हणाली. "माजा ल्योक पायदळात हुता म्हनलं. टोपी घाल आन् बंदूक दे. तर त्यो म्हनला, मावशी, माज्याकडं घोड्याचाच ठसा हाय."

मी पाहिलं. घोडा, तलवार, भरघोस मिशा. कृष्णातला मिशी फुटली नव्हती नीट. म्हशीवर बसवला तर पलीकडून पडायचा.

"काहीच आलं न्हाई वो तिकडनं," अंजना म्हणाली. "माती देयाला बी काय न्हाई. तिथं कुनी पुरला आसंल का? पुरला तर पालथा का उताना? मला ठावं न्हाई. ह्यो येवडाच हाय माज्याजवळ. फादरनं मागितला असता तर दिला नसता. तुमी मागा, मंग देते."

मी म्हटलं, "दे."

तिने दिला. फार हलका होता. मी तो काही वेळ टेबलावर वेगळा ठेवला. वेगळा ठेवायला काही कारण नव्हतं, म्हणून डब्यात टाकला. दुपारी हंबीररावानेच डबा गाडीत घालून मिरजेला ओतारी आळीत धातू ओतणाऱ्या नाथाजीकडे पोचवला.

राख कपाळावरून दोनदा धुतली, तरी जात नाही.

२८ फेब्रुवारी

अंजना आता दुपारची येत नाही. बरंच आहे. लिखाण भराभर होतं.

आज एक प्रकरण आलं ते दोनदा वाचलं, मग तिसऱ्यांदा. मार्सेय नावाच्या शहरात सेरेनस म्हणून एक बिशप होता. लोक चर्चमधल्या चित्रांना पुजतात असं दिसल्यावर त्याने ती सगळी फोडून फेकून दिली. ग्रेगोरीला ते कळलं तेव्हा त्याने पत्र धाडलं: हाताने केलेल्या वस्तूची पूजा करू दिली नाहीस ते ठीक, पण फोडायला नको होतं. वाचता येणाऱ्याला पुस्तक जे देतं, तेच वाचता न येणाऱ्याला चित्र देतं. तुझ्या अशा वागण्याने तुझी माणसं तुला सोडून गेली. आता त्यांना जवळ बोलाव, चुचकार, समजावून सांग.

त्यापुढेच दुसरं पत्र, इंग्लंडला गेलेल्या धर्मगुरूंसाठी. तिथल्या लोकांची देवळं पाडू नका. आतल्या मूर्ती काढा, पण भिंती राहू द्या आणि तिथेच प्रभूची वेदी मांडा. त्यांचे सणाचे मांडवही राहू द्या. उंच जागी चढणारा पायरी पायरीने चढतो, उडी मारून नाही.

म्हणजे बेनेडिक्टने फोडलेल्या मूर्तीचं कौतुक करणारा हाच, आणि फोडू नका म्हणणाराही हाच! पोपाने एक काहीतरी ठरवावं की नाही? आणि ही पत्रं पुस्तकाच्या शेवटी कोणत्या शहाण्याने घातली? ती आधी यायला हवी होती. सरळ वीस तारखेच्या आधी.

२९ फेब्रुवारी

पुस्तक काखेत मारून फादरांकडे गेले. ते भाजीला पाणी घालत होते.

"फादर, हे वाचा."

त्यांनी हात पुसून वाचलं. शांतपणे वाचलं, हे कबूल केलं पाहिजे. मग म्हणाले, "टीचर, हें संतांच्या चित्रांविषयीं आहे. मेलेल्या सासऱ्यांविषयीं नाही."

"अंजनाच्या मुलाविषयी बोला."

"त्याच्यासाठीं मी मिस्सा सांगितली. आणखीही सांगेन. पण आज हा टाक ठेवला तर उद्यां त्याला हळद लागणार, परवां नैवेद्य. तुम्ही स्वतः मला हें शिकवलें." त्यांचा आवाज चढला नाही. "तुम्हींच तें बेनेडिक्टचें पान आणलें ना?"

मी आणलं होतं. मी म्हटलं, "पान आणलं तेव्हा पुस्तक पुरं झालं नव्हतं. तुमचंही झालं नव्हतं, आणि तुम्ही तर पुस्तकाचे मालक."

ते हसले. त्यांना राग येत नाही, हीच त्यांची अडचण आहे. म्हणाले, टाक परत हवा तर नाथाजीला विचारून बघा, मी आड येत नाही. पण फक्त एक परत करायचा आणि बाकीच्यांनी काय पाप केलें, तें बायकांना तुम्ही सांगा.

१ मार्च

मिरजेला गेले. बैलगाडीने अर्धा दिवस. गाडीवान सारखा गात होता. त्याला गप्प बसायला सांगितलं.

नाथाजी ओतारी भट्टीपुढे तंबाखू मळत होता. मला पाहून उठला. "आवं बाई, तुमी कशाला उन्हाचं आलासा? क्रूस आटवड्याच्या आत पोचतो की."

"त्या डब्यात एक नवा टाक होता. चांदीचा. तो मला परत हवा आहे."

त्याने हातातली तंबाखू झटकली. मग त्याने भट्टीशेजारची धातू वितळवायची मूस दाखवली. काळी, रिकामी. "शनवारीच वतलं सगळं. तांब्याचे, पितळंचे, चांदीचे, येकदमच. फादरनं तसंच सांगितलं हुतं. धातू कमी भरला म्हनून माज्याकडचं पितळ बी घातलं."

"तो घोड्याचा होता."

"सगळेच घोड्याचे हुते, बाई."

त्याच्या बायकोने पाणी दिलं. प्यायले. मातीचा साचा कोपऱ्यात ओल्या पोत्याखाली ठेवला होता, माणसाला झाकून ठेवावं तसा. नाथाजी म्हणाला, अजून फोडला नाही, बघायचा का? मी नको म्हटलं. काही वाटलं नाही. ऊन मात्र फार होतं.

परतताना गाडीवानाला म्हटलं, गा हवं तर. त्याने गायलं नाही.

५ मार्च, रविवार

मिस्साला गेले नाही. गुडघा दुखतो.

मनुबाई आंबील घेऊन आली. "गुडगा दुकतुया तर भिंतीकडं तोंड करून का निजलाय? गुडगा काय भिंतीत हाय?" मग आपणच बसून बडबडत राहिली. फादर विचारत होते म्हणे. बाईंशिवाय प्रार्थनेची सुरुवात कोणाला जमत नाही, सगळे वेगवेगळ्या ओळीवर असतात.

मग म्हणाली, "अंजना काय कुनासंगं बोलंना झालीया. भाकरी थापती, नवऱ्याला वाडती, आन् जाऊन कोनाड्याम्होरं बसती. रिकामाच कोनाडा. हंबीरराव म्हनला, तिथं मेणबत्ती तरी लाव. तर म्हनती, कुनाला लावू?"

"मग मी काय करू?"

"मी कुटं म्हनलं काय करा? आंबील प्या."

प्याले. आंबट होती.

९ मार्च

सांगलीच्या छापखान्यातून मुद्रितं आली. सेरेनसच्या पत्राचं पान फादरांनी पेन्सिलीने खोडलं आहे. शेजारी बारीक अक्षरात: "बिशप येणार आहेत, लोकांचा गैरसमज होईल. पुढच्या आवृत्तींत घेऊं." पुढची आवृत्ती! ही पहिली कोण वाचणार आहे? वाडीत वाचता येणारी माणसं बोटावर मोजण्याइतकी. त्यातलं एक बोट गेलं.

भांडायला पुस्तकातलेच चार मुद्दे हाताशी होते. भांडले नाही. पान ठेवलं असतं तरी मूस रिकामीच राहणार होती. खूण केली, मुद्रितं परत पाठवली. शेवटची ओळ तेवढी मी लिहिली तशीच राहिली आहे: बारा मार्च सहाशे चार रोजी, बराच काळ अंथरुणाला खिळून, पोप ग्रेगोरी वारला.

१२ मार्च, रविवार. संत ग्रेगोरीचा सण

बिशप आले नाहीत. कुंडलच्या बाजूला भूमिगतांचं पुन्हा काही झालं, रेल्वेगाड्या अडकल्या. फादरांचं तोंड उतरलं होतं, पण क्रूस पाहून खुललं.

क्रूस हातभर उंच, माणसाच्या छातीएवढ्या लाकडी दांड्यावर बसवलेला. रंग धड पितळेचा नाही, धड तांब्याचा नाही. मध्येच कुठे पांढरट झाक, कुठे लालसर डाग. नाथाजीने घासून घासून जमेल तितका उजळला आहे. मिरवणूक वाडीला वळसा घालून आली आणि हंबीररावाने क्रूस अंगणात उभा धरला. आता एकेकाने पुढे यायचं, क्रूसाच्या पायाशी ओठ टेकवायचे आणि बाजूला व्हायचं. दरवर्षी हे चार मिनिटांत उरकतं. बायकांना घरी स्वयंपाक असतो.

आज बाया हलेनात. पहिली आली ती क्रूसाला वरपासून खालपर्यंत निरखत राहिली. मग तिने डावीकडच्या एका लालसर डागावर हात ठेवला आणि काहीतरी पुटपुटली. दुसरीने पाठीमागून जाऊन मागची बाजू चाचपली. मनुबाईने थेट तळाशी कपाळ टेकवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "ऱ्हा हितंच खाली. वर चडलास तर परत भांडनं काढशील." दोघी फस्सकन हसल्या, आणि हसता हसता त्यातली एक रडायला लागली. कोणी हळद आणली नव्हती, नैवेद्य आणला नव्हता. फादरांना बोट ठेवायला काही जागाच नव्हती.

ते माझ्या कानाशी आले. डोळे पाणावले होते. "टीचर, पाहिलें? या वाडींत इतकी भक्ती मी कधीं पाहिली नाही."

मी म्हटलं, "हो."

अंजना सगळ्यांच्या शेवटी आली. आज किती दिवसांनी ती मला समोरून दिसली. गालाची हाडं वर आली आहेत. ती क्रूसापुढे उभी राहिली, पण पुढे झाली नाही. हात कुठे लावावा ते तिला कळेना. तिने हंबीररावाकडे पाहिलं. तो दांडा घट्ट धरून समोर बघत होता, परेडवर उभा असल्यासारखा. मग ती वळून माझ्याकडे आली.

"बाई," ती हळू म्हणाली. "आमचा कुटं हाय?"

याचं उत्तर मला येत होतं. शाळेत कितीतरी वर्षं शिकवलं आहे: आत्मा देवाजवळ असतो, धातूत नसतो. दुसरंही उत्तर येत होतं, तेही खरंच: सगळं एकाच मुशीत ओतलं, एक कण वेगळा काढता येणार नाही, नाथाजीलाही सांगता येणार नाही. मी उभ्या जन्मात वर्गात खोटं बोलले नाही. एवढ्याशा गोष्टीसाठी मी पोरांना अंगठे धरून उभं केलं आहे.

मी तिचा हात धरला आणि क्रूसापाशी नेलं.

"उजव्या हाताला," मी म्हटलं. "टोकाशी. ते पांढरं दिसतंय ना, ते."

"नक्की?"

"नक्की. मी नाथाजीला विचारून आले. मिरजेला गेले होते ना."

तिने पांढऱ्या डागावर तळहात ठेवला. लगेच उचलला, मग पुन्हा ठेवला, पोराचं कपाळ बघतात तसा.

"तापलाय वो, बाई."

"ऊन आहे ना," मी म्हटलं. मग मी डोक्यावरचा पदर काढला, दोन्ही हातांनी धरला आणि त्या टोकावर सावली केली. माझा हात तिच्या हाताला लागून होता. धातू खरंच भाजत होता. आम्ही दोघी तशाच उभ्या राहिलो. हंबीररावाने क्रूस जरासा आमच्याकडे कलता केला.

चॅपेलच्या दारातून फादर हाका मारत होते, टीचर, टीचर, चरित्र वाचायची वेळ झाली. लोक आत जाऊन बसले होते. मी गेले नाही.